अंगणात बसून सांगितलेलं पुस्तक

कोल्हापुरातल्या आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत संस्थानकाळापासूनची पुस्तकं होती. छपराच्या कौलांतून पाणी यायचं, ते भिंतीवरून उतरायचं आणि सगळ्यात खालच्या फळीवरची पुस्तकं दरवर्षी थोडी थोडी फुगायची. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी बसायला जागा मागू लागली, तेव्हा कार्यकारी मंडळानं ठरवलं की ही खोली रिकामी करून तिथं अभ्यासिका करायची. चांगली जुनी पुस्तकं काढून दुर्मिळ ग्रंथांचा वेगळा विभाग करायचा, आणि उरलेली निर्लेखित करायची. निर्लेखन हा आमच्या खात्यातला शब्द. त्याचा साधा अर्थ असा, की दाखल नोंदवहीत त्या पुस्तकापुढे लाल शाईनं रेघ मारायची आणि पुस्तक रद्दीत घालायचं.

निवडीचं काम तिघांकडे आलं. एक आमचे ग्रंथपाल, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, कुणाशीही न भांडणारे. दुसरे इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळं गाव सर म्हणायचं. आणि यादी लिहायला मी.

मी तेव्हा तिथं पाच वर्षं सहायक होते. बी.लिब. झालेली. आमच्या घराण्यात पुस्तकांच्या कामावर पगार घेणारी पहिली. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर होते, आणि मंगळवार पेठेत ओळखीचं कुणी भेटलं की सांगायचे, "पोरगी लायब्ररीत साहेब हाय." मी साहेब नव्हते. शिक्के मारायचे, कार्डं लावायची, वर्तमानपत्रं काठीला अडकवायची, हे माझं काम. पण या यादीच्या कामासाठी मला मागच्या खोलीची किल्ली मिळाली, आणि ती मी पदराला बांधल्यासारखी जपत होते.

पहिल्याच बैठकीत सरांनी नियम घालून दिला. "एकोणीसशेच्या आधी छापलेलं ते दुर्मिळ. त्यानंतरचं असेल तर तसंच काही विशेष कारण हवं. दोन कपाटं आहेत, त्यात मावेल तेवढंच घ्यायचं. भावनेच्या भरात काही करायचं नाही."

मला तो नियम आवडला. सोपा होता. पुस्तक उघडायचं, सन बघायचा, डावीकडं ठेवायचं किंवा उजवीकडं. महिनाभर मी तेच केलं. डावीकडं चामडी पाठीची, सोनेरी अक्षरांची देखणी रांग तयार झाली. उजवीकडचा ढीग खिडकीच्या वर गेला.

दर मंगळवारी आमच्याकडं बाइंडिंगवाले चाचा यायचे. तीन पिढ्या त्यांचं हेच काम. मागच्या सोप्यात बसकर टाकून, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचं डबडं शेजारी ठेवून ते दिवसभर पुस्तकं शिवायचे. डावीकडची पुस्तकं दुरुस्तीला त्यांच्याकडं जाऊ लागली. दुसऱ्या की तिसऱ्या मंगळवारी त्यांनी त्यातलं एक जाडजूड पुस्तक हातात घेतलं, पाठ दाबून बघितली आणि मला हाक मारली.

"ताई, ह्ये कशाला काढलंय?"

"दुर्मिळ आहे चाचा. शंभर वर्षांच्या वरचं आहे."

"जुनं हाय की. पर दुर्मिळ कसलं? ह्येच पुस्तक माझ्या वडलांनी बांधलंय, मी बांधलंय. गावात धा घरांत असंल. माझ्या हाताखालनं गेलेलं मला कळत न्हाय व्हय?" मग त्यांनी दाभणानं खिडकीतल्या ढिगाकडं दाखवलं. "त्यातलं मात्र मी निम्मं बी कधी बघितलेलं न्हाय."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी उजवीकडच्या ढिगाजवळ बसले. सन न बघता एकेक पुस्तक नुसतं उघडून वाचू लागले. ग्रंथालयात पाच वर्षं काम करून पुस्तकं वाचायला बसले ती अशी.

तिथं एक जाड खंड सापडला. पाठीवर चिठ्ठी होती, 'किरकोळ १४'. पूर्वीच्या कुणा कर्मचाऱ्यानं हाताला आलेल्या पातळ पुस्तिका एकत्र शिवून टाकल्या होत्या. एका शाळेच्या समारंभातलं भाषण, गुळाच्या गुऱ्हाळाची माहिती, कुठल्याशा जत्रेचं निवेदन. आणि त्यात मध्येच चाळीसेक पानांची एक पुस्तिका. मुखपृष्ठ नव्हतं, सन नव्हता, पहिली दोन-तीन पानं ओल लागून एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. जिथून वाचता येत होतं तिथं असं छापलं होतं:

"बाई अडली म्हंजी घरातली समदी कुलपं काढा म्हंत्यात. काढा की. पर त्याच्या आदी खिडकी उघडा. कुलपानं काय हुईत न्हाई, वाऱ्यानं हुतंय."

मी डबा खाली ठेवला. शुद्ध पुस्तकी मराठीच्या त्या काळात कुणीतरी आमच्या घरात बोलतात तसं छापलं होतं. पुढं वाचत गेले. नाळ खुरप्यानं कापू नका, पातं उकळून घ्या. हात राखेनं नको, साबणानं धुवा, साबण नसला तर सोसवेल तितक्या कढत पाण्यानं. बाळंतिणीला पहिले पाच दिवस पाणी देत नाहीत, तुम्ही द्या, "ती काय भांडं हाय व्हय कोरडं ठिवाय?" एका सुईणीचं बोलणं होतं ते. तिला सगळं ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यांच्या मूर्खपणाचा तिला रागही येत होता. वाचता वाचता मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि वाचनालयातला एक म्हातारा दारात येऊन बघून गेला.

पुढच्या बैठकीत मी तो खंड टेबलावर ठेवला.

सरांनी चष्मा वर करून चार पानं चाळली. "ह्याला सन कुठाय?"

"नाहीये सर."

"लेखक?"

"पहिली पानं चिकटलीत. कळत नाही."

"सन नाही, लेखक नाही, मुखपृष्ठ नाही. आणि भाषा ही अशी." त्यांनी खंड मिटला. ते रागावले नव्हते, उलट समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, तुम्हाला ते आवडलं हे मी समजू शकतो. पण हे चोपडं आहे. दुर्मिळ ग्रंथ म्हणजे ज्याच्या पुढं अभ्यासक येऊन बसेल असं काहीतरी. आपली कपाटं दोनच आहेत."

ग्रंथपालांनी माझ्याकडं बघून मान हलवली, जाऊ दे म्हणून. मी खंड उचलला. घरी जाईपर्यंत मी ठरवलं होतं की सरांना जे जे हवं आहे ते ते शोधून आणायचं. सन हवा, सन आणू. लेखक हवा, लेखक आणू.

आधी चाचांकडं गेले. त्यांनी चिकटलेली पानं बोटांत धरून उजेडाकडं केली. "ओढली तर फाटत्याल. आठ दिस द्या." त्यांनी खंड घरी नेऊन ती पानं ओलसर टिपकागदात घालून, वर वजन ठेवून, रोज थोडी थोडी सोडवली. आठाचे चौदा दिवस झाले. दरम्यान त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मोराचा एक लहान ठसा छापलेला होता आणि त्याच्या पिसाऱ्याचा एक कोपरा तुटलेला होता. त्याच 'किरकोळ १४' मध्ये गुऱ्हाळाच्या पुस्तिकेवर तोच मोर होता, पण पिसारा अख्खा. गुऱ्हाळाच्या पुस्तिकेवर छापखाना होता, आपल्याच गावातला, आणि सनही होता.

"एकच ठसा हाय. ह्यो अख्खा त्यो आदी, मोडका त्यो मागनं," चाचा म्हणाले. "मोडलेला ठसा पुन्ना अख्खा हुईत न्हाय."

म्हणजे पुस्तिका कोल्हापुरात छापलेली आणि त्या सनानंतरची. मी पळतच जाऊन वहीत लिहिलं.

दुसरीकडं मी पोस्टकार्डं लिहायला घेतली होती. राज्यातल्या जुन्या ग्रंथालयांना, पुस्तिकेतली पहिली वाचता येणारी ओळ उतरवून, 'आपल्या संग्रहात ही पुस्तिका आहे काय' असं विचारत. बावीस कार्डं गेली. उत्तरं येत राहिली पाच-सहा महिने. काहींनी छापील नमुन्यावर शिक्का मारून 'नाही' कळवलं, एकानं सुंदर अक्षरात आपल्याकडच्या बालसंगोपनाच्या पुस्तकांची यादीच पाठवली, पण ही पुस्तिका कुणाकडंच नव्हती. एरवी 'नाही' वाचून कुणी खूश होत नसेल. मी प्रत्येक नाहीला खूश होत होते.

चिकटलेली पानं सुटली त्या मंगळवारी चाचांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "वाचा मोठ्यानं. म्या पानं सोडवली, मला बी कळू दे."

ती प्रस्तावना होती. गारगोटीजवळच्या एका गावातल्या प्राथमिक शिक्षकानं लिहिलेली, स्वच्छ पुस्तकी मराठीत. त्यानं लिहिलं होतं की आपल्या पत्नीचा जीव या बाईनं वाचवला, तिचं ज्ञान तिच्याबरोबर नाहीसं होऊ नये म्हणून ते जसं ऐकलं तसं उतरवून घेतलं आहे, शब्द बदललेले नाहीत. आणि मग हे वाक्य: "सदर बाई अंगणात बसून सांगत असे व मी ओसरीवर बसून लिहून घेत असे. पाऊस आल्यास त्या दिवसाचे काम राहत असे."

मी तिथंच थांबले. चाचांचाही दाभण थांबला.

"पावसात बी वर घेतलं न्हाय व्हय तिला?"

"नाही."

मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या आजोबांनी छप्पन्नच्या नंतर धम्म घेतला, तो अशाच अंगणांमधून उठून. त्या शिक्षकाचा मला राग आला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की त्यानं ते लपवलं नाही. लपवलं असतं तर मला कळलं नसतं. प्रस्तावनेखाली त्याचं नाव होतं. तिचं नाव अख्ख्या पुस्तिकेत कुठंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी रजा काढून मी एसटीनं गारगोटीला आणि तिथून त्या गावाला गेले. तिथल्या शाळेत जुन्या सुईणीची चौकशी केली, त्यांनी एका निवृत्त नर्सबाईंचं घर सांगितलं. पंचाहत्तरीच्या होत्या, दारात तांदूळ निवडत बसलेल्या.

"या पावणं. कुठनं आलासा?"

मी सगळं सांगितलं आणि पिशवीतनं माझी वही काढून त्यात उतरवून घेतलेली दोन पानं वाचून दाखवली. अर्ध्यातच त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आगं, ही तर आमची म्हातारी! तिच्या हातची मी. ह्या गल्लीतलं म्हातारं माणूस धर, तिच्याच हातचं." त्यांनी तिचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. कुठल्या वस्तीत राहायची ते हातानं दाखवलं. "लिवाय-वाचाय येत न्हवतं. मास्तरांनी एक पुस्तक आणून दिलतं, ते चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलतं तिनं. धुरानं काळं झालं. फुडं कुठं गेलं कुणाला म्हाईत."

मी अंगण आणि ओसरीचं विचारलं. बाई हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं.

"तसंच हुतं की गं. बाळंतिणीच्या खोलीत चालायची, वसरीवर चालायची न्हाय. पोर बाहीर आलं, की हीबी बाहीर."

मी नाव वहीत लिहिलं आणि त्यांना दोनदा वाचून दाखवलं, चुकू नये म्हणून. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत ओंजळभर शेंगा घातल्या.

शेवटची उत्तरं आल्यावर जी बैठक झाली, तिला मी पोस्टकार्डांचा गठ्ठा, दोन्ही मोर आणि सुटलेली प्रस्तावना घेऊन बसले. आदल्या दिवशी घरात आरशापुढं बोलायची तालीम केली होती, पण बोलायची वेळ फारशी आलीच नाही. सरांनी कार्डं एकेक करून सगळी वाचली. मोरांवर भिंग धरलं. "हे कुणी ओळखलं?" त्यांनी विचारलं. मी चाचांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी चाचांना सोप्यातून आत बोलावून खुर्ची दिली. मग प्रस्तावना मोठ्यानं वाचायला घेतली. त्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्याचा, भरदार. पावसाच्या वाक्याशी आले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य मनातल्या मनात वाचलं असावं. चष्मा काढून पुसला.

"माझे आजोबाही शिक्षक होते," एवढंच ते म्हणाले.

ग्रंथपालांनी पाण्याचा पेला पुढं केला. मग सर माझ्याकडं वळले. "बाई, मागच्या वेळी मी याला चोपडं म्हणालो. ते चुकलं. इतिवृत्तात लिहा तसं." आणि मी लिहिलं. आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात कुणाची चूक कबूल केल्याची नोंद ती पहिलीच असेल.

तरी एक गाठ राहिली होती. तालिकापत्रावर, म्हणजे वाचक ज्यावरून पुस्तक शोधतो त्या कार्डावर, लेखक म्हणून कुणाचं नाव घालायचं? ग्रंथपालांचं म्हणणं, छापलेलं नाव शिक्षकाचं आहे, नियमाप्रमाणं तेच. ते बोलले ते बरोबर होतं, नियम तसाच आहे. पण मी उभी राहिले. बैठकीत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती, पण बसून मला बोलता येईना.

"साहेब, मास्तरांनी स्वतःच लिहिलंय की शब्द बदललेले नाहीत. शब्द तिचे आहेत. मग लेखक तीच. मास्तरांनी लिहून घेतलं, तर तसं लिहू, 'शब्दांकन' म्हणून. पण पहिली ओळ तिची."

ग्रंथपालांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "मला विचारू नका. ग्रंथालयशास्त्र शिकल्यात त्या."

मी कार्ड त्याच टेबलावर बसून लिहिलं. पहिल्या ओळीत आडनाव, स्वल्पविराम, नाव. चांगल्या निबेच्या पेनानं, काळ्या शाईत. ते नाव मी इथं देत नाही. तिच्या घरचं कुणी आजही तिथं असेल, त्यांना न विचारता कशाला? ज्याला हवं त्यानं यावं, ड्रॉवर ओढावा, कार्ड तिथंच आहे.

त्यानंतर सरांनी सन बघायचा नियम काढून टाकला. नवा नियम ठरला तो असा: दुसरीकडं मिळतं का, ते आधी बघायचं. मला उजवीकडचा ढीग पहिल्यापासून पुन्हा बघावा लागला आणि मी तो आनंदानं बघितला. त्यातून साठ-सत्तर पुस्तिका निघाल्या. विटा भाजायची माहिती, एका तालमीचे नियम, मोडी शिकवायचं एक पातळ पुस्तक. त्यांना जागा करायला डावीकडचे सोनेरी अक्षरांचे खंड काढावे लागले, तेव्हा पहिला खंड सरांनी स्वतः काढला. तो त्यांनीच पूर्वी भेट दिलेला होता. "हा सगळीकडं मिळतो," ते म्हणाले, आणि सर्वसाधारण विभागात नेऊन ठेवला.

विभाग सुरू झाला. दोन हजार तीन-चारच्या सुमारास तो पूर्ण माझ्याकडं आला, दारावरच्या पाटीसकट. परगावचे अभ्यासक येऊ लागले. एकदा नर्सिंगच्या मुलींची तुकडी त्यांच्या शिक्षिकेबरोबर आली. मी पुस्तिका टेबलावरच्या लहान गादीवर ठेवून पानं उलटत होते आणि एक मुलगी वाचत होती. कुलपांच्या वाक्याला सगळ्याजणी खळखळून हसल्या. हात धुण्याचं पान आलं तेव्हा शिक्षिकेनं वही काढली आणि ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. वर्गात पहिल्या दिवशी हेच वाचून दाखवणार म्हणाली. मी त्या दिवशी घरी चालत गेले, बस सोडून, कारण मला बसमध्ये गप्प बसता आलं नसतं.

आईला मी शेवटी एकदा विभागात नेलं. ती येत नव्हती, तिथं मला काय कळतंय म्हणायची. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडून वाचणारी. मी तिला खुर्चीवर बसवलं, पुस्तिका पुढं ठेवली आणि माझ्या कामाला लागले. तासाभरानं बघते तर ती बोट ठेवून वाचतेय आणि ओठ हलतायत. एका पानाशी आल्यावर तिनं मान जोरात हलवली.

"काय झालं?"

"आगं, अळीव तिसऱ्या दिवशी द्या म्हनतीया! तिसऱ्या दिवशी कसं देतीस बाई? पाचव्याशिवाय न्हाय." ती पुस्तिकेशी बोलत होती, माझ्याशी नाही. शेजारच्या टेबलावरच्या अभ्यासकानं वर बघितलं. मी तिला शांत बस म्हणून खूण करणार होते, पण केली नाही.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकी समदं बराबर हाय," आई म्हणाली, आणि पानाचा कोपरा धरून, बरोबर धरलाय ना म्हणून माझ्याकडं बघत थांबली, कारण पानं कशी उलटायची ते मी तिला सांगून ठेवलं होतं.